पंडितसाहेब, कर्ज नको, भागीदार हवा

मा. विक्रम पंडित यांस,


तुमचा-आमचा परिचय नाही. तुम्ही न्यूयॉर्कला, मी सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळला. द्राक्षबागायतदार, बेदाणा शेडवाले, एखाददुसरं कोल्ड स्टोअरेज, औषधांची आणि किराण्याची दुकानं यांचे हिशेब लिहून, विवरणपत्रं भरून माझं घर चालतं. आमच्या गावाला लागून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. त्या रस्त्यानं पूर्वेकडं जात राहिलं की शेवटी तुमचं जन्मगाव लागतं. नातं म्हणावं तर एवढंच. पण पत्राचं कारण वेगळं आहे. तुम्ही आधी दुसऱ्यांचे व्यवहार जुळवलेत, मग बुडत्या बँकेच्या गादीवर बसलात आणि आता स्वतःचा व बरोबरच्यांचा पैसा धंद्यांत घालता. या तिन्ही जागा भोगून आलेला मराठी माणूस माझ्या माहितीत दुसरा नाही, आणि आमच्या तालुक्याचं दुखणं या तीन जागांमधल्या फरकातच आहे.

पत्र उघडं ठेवलंय, कारण त्यातला निम्मा मजकूर आमच्याच लोकांना आहे.

त्यांच्यासाठी आधी तुमची वाट सांगतो; तुम्हाला ती पाठ आहे. १९५७ साली नागपूरला जन्म, दादरच्या शाळेत शिक्षण, सोळाव्या वर्षी अमेरिका. कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी १९७६ मध्ये, पदव्युत्तर १९७७ मध्ये. मग वायरी सोडून पैशाच्या शास्त्रात शिरलात आणि १९८६ साली त्यात डॉक्टरेट मिळवलीत. तोवर, १९८३ पासून, मॉर्गन स्टॅन्लेत नोकरी लागली होती. तिथं बावीस वर्षं काढलीत आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंगचा सगळा विभाग चालवण्यापर्यंत गेलात.

हा इन्व्हेस्टमेंट बँकर करतो काय, असं आमच्या तासगावच्या बेदाणा बाजारात कुणी विचारलं तर मी सांगतो, अडत्याचं काम करतो. माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा. अडत्या मध्ये उभा राहून सौदा जमवतो आणि आपली अडत कापून घेतो. भाव चढो की पडो, अडत सुटत नाही. कंपनीला शेअर विकून द्यायचे असोत, कर्जरोखे काढायचे असोत की दुसरी कंपनी विकत घ्यायची असो, वॉल स्ट्रीटवर काम तेच आहे, फक्त शून्यं जास्त आहेत. हुशारी लागते, ओळखी लागतात, जागरण लागतं. आपल्या खिशातला रुपया मात्र मालात अडकलेला नसतो.

२००५ च्या मार्चमध्ये वरिष्ठांशी बिनसलं आणि तुम्ही बाहेर पडलात. पुढच्या वर्षी जॉन हेव्हन्स आणि गुरू रामकृष्णन यांना घेऊन ओल्ड लेन नावाचा फंड काढलात. एप्रिल २००७ मध्ये सिटीग्रुपनं तो सुमारे ८० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि तुमच्या वाट्याला त्यातले साडेसोळा कोटी आले असं तेव्हा छापून आलं होतं. वर्षभरातच सिटीला तो फंड गुंडाळावा लागला. हे लिहिलं नाही तर या पत्राची भाटगिरी होईल, म्हणून लिहिलं. गंमत म्हणजे त्याच एप्रिल महिन्यात आमची सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. १९१६ साली निघालेली बँक. पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली, काउंटरपलीकडून नावानं हाक मारणारी माणसं बदल्या होऊन कुठल्या कुठं गेली. सांगलीत त्या आठवड्यात वॉल स्ट्रीटची बातमी कोण वाचतो!

मग ११ डिसेंबर २००७ ला तुम्ही सिटीग्रुपचे प्रमुख झालात. इथून पुढचा भाग मी आमच्याकडच्या पोरांना मुद्दाम सांगतो, कारण धंद्याचं मर्म त्यात सापडतं. तेव्हा सिटीचा पसारा दोन लाख कोटी डॉलरहून मोठा होता आणि त्यात भागधारकांचं स्वतःचं भांडवल होतं सुमारे ११ हजार कोटींचं. म्हणजे शंभर रुपयांचा कारभार आणि पदरचे साधारण पाच. बाकी सगळं लोकांकडून घेतलेलं. घरांच्या कर्जांवर रचलेले कागद कुजायला लागले तेव्हा पदरचे पाच बघता बघता विरघळले. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकन सरकारनं २,५०० कोटी डॉलर घातले, नोव्हेंबरात आणखी २,०००. तरी मार्च २००९ मध्ये सिटीचा शेअर एक डॉलरच्या खाली गेलेला जगानं पाहिला.

पुढं जे घडलं त्यासाठी मी हे पत्र लिहितोय. सरकारनं आधीच्या पैशातल्या २,५०० कोटींचे प्राधान्य समभाग बदलून साधे शेअर घेतले आणि बँकेच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याचं मालक झालं. प्राधान्य समभाग म्हणजे जवळजवळ कर्जच; ठरलेला लाभांश आधी हातात ठेवा, मग बाकीचं बोला. साधा शेअर म्हणजे तुझं बुडालं तर माझंही बुडालं. तगादा लावणारा सावकार त्या दिवशी भागीदार झाला आणि बँकेला श्वास घ्यायला जागा मिळाली. डिसेंबर २०१० पर्यंत सरकारनं आपला हिस्सा विकून टाकला आणि सगळा हिशेब होऊन अमेरिकन करदात्याला सुमारे १,२०० कोटी डॉलरचा फायदा राहिला. सिटी कशानं वाचली यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत आणि तुमच्या कर्तबगारीबद्दल तिकडं दोन टोकांची मतं आहेत. माझं मत एका ओळीचं आहे. तुमच्या बँकेला आणखी कर्ज देऊन कुणी वाचवलं नाही. नुकसानीत वाटा घेणारा कुणीतरी आला, म्हणून ती वाचली.

आणि हे ऐन कसोटीच्या वेळी अंगावर घेतलेला माणूस तुम्ही आहात.

आता आमच्या शेडकडं या. फेब्रुवारी लागला की नागज, ढालगाव, तिकडं सांगोला तालुक्यातल्या जुनोनीपर्यंत माळावर बेदाण्याची शेड भरायला लागतात. द्राक्षाच्या जाती सुपर सोनाका, माणिक चमन, थॉमसन. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायचे आणि रॅकवरच्या जाळ्यांवर पसरायचे. माळावरचं कोरडं वारं लागलं की पंधरवड्यात माल वाळतो. मग गंधकाची धुरी, मग निवडणी, मग पंधरा किलोचे बॉक्स आणि कोल्ड स्टोअरेज. चार किलो द्राक्षांमागं एक किलो बेदाणा. एकरी दहा टन द्राक्ष शेडवर नेलं तर अडीच टन माल हातात येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचं प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं कुठं कुठं दिसतं.

या अडीच टनांत पैसा कुणाकुणाचा असतो ते माझ्या वह्यांत दिसतं. विकास सोसायटीचं पीककर्ज असतं. तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर त्याला व्याज पडत नाही, म्हणून फेडीची तारीख चुकवायची नाही ही पहिली धास्ती. औषध दुकानदाराची उधारी असते; दावण्या रोगावरच्या फवारण्या पावसाळी वर्षात किती वाढतात ते ज्यानं बाग केली त्यालाच ठाऊक. अडत्याकडून घेतलेली उचल असते, त्यामुळं माल त्याच्याच दारात न्यावा लागतो. शेड बांधायला बँकेचं मुदत कर्ज. शेवटी कोल्ड स्टोअरेजच्या पावतीवर तारण कर्ज, ते वरची चार तोंडं गप्प करायला. बागायतदाराची स्वतःची जमीन आणि घाम सोडला तर या मालात एकही पैसा असा नसतो, जो म्हणतो की या वर्षी पाऊस पडला, चल, निम्मं मी सोसतो.

आणि पाऊस पडतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलोऱ्यात, पोंग्यात बागा धुऊन निघाल्या. कधी मार्चमध्ये शेडवर माल असताना ढग उतरतात आणि हिरवा-पिवळा निघायचा तो माल काळा पडतो. त्याच्या आधी वेगळंच होतं. २०१२ च्या ज्या ऑक्टोबरात तुम्ही सिटीचा राजीनामा दिलात, त्या वर्षीच्या दुष्काळात आमच्या पूर्व भागात लोकांनी टँकरनं पाणी आणून बागा जगवल्या. म्हैसाळ योजनेचं पाणी आता बऱ्याच शिवारांत खेळतं, वीजबिलाची रड असली तरी पाणी येतं. म्हणजे नदी टप्प्याटप्प्यानं उचलून डोंगरमाथ्यावर आणण्याची सोय सरकारनं केली. धोका वाटून घेणाऱ्या पैशाची सोय कुणी केली नाही.

त्याचा परिणाम साधा आहे. फेडीच्या तारखा उन्हाळ्यात येतात आणि बेदाण्याला खरी मागणी सणासुदीला, दिवाळीच्या तोंडावर असते. ज्याच्या मानेवर तारखा बसल्यात तो थांबू शकत नाही. माल घेऊन सौद्याला जातो. खरेदीदार बॉक्समध्ये हात घालतो, मूठभर बेदाणा तळहातावर घोळवतो, उजेडात धरतो आणि उरलेला जमिनीवर उधळतो. दिवसभरात अशा किती मुठी! ही उधळण बंद करा म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतात. माझ्या मते त्या सांडलेल्या बेदाण्यापेक्षा मोठी उधळण ही, की तोच माल धुऊन, प्रतवारी करून, पाव किलोच्या पाकिटात आपल्या नावानं विकायची ऐपत असलेला माणूस पंधरा किलोचा बॉक्स उन्हाळ्यातच देऊन मोकळा होतो. यंत्र महाग आहे म्हणून नव्हे. यंत्रासाठी मिळतं तेही कर्जच, आणि त्याचा हप्ता दुसऱ्याच महिन्यात सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडं पैसाच नाही का? साहेब, पैसा पुष्कळ आहे. महामार्गाला जमिनी गेल्या त्यांचे मोबदले आले. ते सांगली-मिरजेतल्या फ्लॅटमध्ये, प्लॉटमध्ये, चारचाकीत आणि पतसंस्थांच्या दामदुप्पट ठेवींत गेले. हल्ली एक भाग मोबाइलवरच्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये जातो. तो कुठं जातो ते विवरणपत्र भरताना मलाच पोराच्या बापाला सांगावं लागतं. आणि गलाईवाले आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि आमच्या तालुक्यातली हजारो माणसं काश्मीर ते कन्याकुमारी सोन्याचांदीच्या पेठांत बसली आहेत. जुना दागिना वितळवायचा, तेजाबानं शुद्ध करायचा, कस सांगायचा. दहावी नापास झालेलं पोरगं चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात पडेल ते काम करायला जातं. चार-सहा वर्षांत हात बसला, विश्वास बसला की मालक शेजारच्या शहरात गाळा बघतो, भांडवल घालतो, पोराला बसवतो आणि नफ्यात भाग ठेवतो. तारण काय? काही नाही. पोरगं. पेठ मंदावली तर दोघांचं वर्ष वाईट जातं.

त्याच्याही आधीपासून आरेवाडीच्या बिरोबाला जाणाऱ्या धनगरवाड्यांत अर्धलीनं शेळ्या द्यायची रीत आहे. शेळी माझी, राखण तुझी, वाढावा निम्मा-निम्मा. शेळी लांडग्यानं नेली तर कुणी कुणाकडं हप्ता मागत नाही. तुमच्या धंद्यात ज्याला प्रायव्हेट इक्विटी म्हणून मान आहे, ती आमच्या माळावर फार जुनी आहे. ती घराबाहेर, भाऊबंदकीबाहेर आली नाही, एवढंच.

एकदा बाहेर आली होती, आणि तिथं पोळली. सहकारी कारखान्याचा भाग म्हणजे दुसरं काय होतं? शेतकऱ्यानं म्हैस विकून, दागिना मोडून भागाची रक्कम भरली आणि तो कागदोपत्री मालक झाला. पण त्या भागाकडं आपण मालकीचा दाखला म्हणून पाहिलं नाही, ऊस घालायचा परवाना आणि सवलतीच्या साखरेचं कार्ड म्हणून पाहिलं. आमचा महांकाली साखर कारखाना कर्जाखाली दबत गेला आणि धुराडं थंड झालं, तेव्हा सभासदाला कळलं की मालक आपणच होतो आणि आपलंच बुडालं. सांगलीची वसंतदादा शेतकरी सहकारी बँक अवसायनात गेली तेव्हाही ठेवीदार रांगेत होते आणि भागधारक कुठं आहेत हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

या ठिकाणी तुमची आठवण पुन्हा येते. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन संसदेच्या समितीपुढं तुम्ही सांगितलंत की बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन, बोनस घेणार नाही. त्याच्या जेमतेम पंधरवडा आधी सिटीला पाच कोटी डॉलरच्या नव्या विमानाची मागणी रद्द करावी लागली होती, तेव्हा त्या एका डॉलरमागं लोकांच्या रागाचा धाकही होता हे मान्य. पण शब्द पाळलात. आमच्याकडं बुडत्या संस्थेच्या गादीवर बसून एक रुपयावर राबलेला अध्यक्ष माझ्या पाहण्यात नाही. गाडीचं डिझेल संस्थेच्याच नावावर पडतं.

त्याहून मला आवडतो तो एप्रिल २०१२ चा प्रसंग, आणि तो तुमच्या विरोधातला आहे. तुम्हाला सुमारे दीड कोटी डॉलरचं मानधन द्यायचा ठराव भागधारकांच्या सभेत आला आणि ५५ टक्के मतं विरुद्ध पडली. मतदान बंधनकारक नव्हतं, तरी जगभर गाजलं. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा तुम्ही बघायला हव्यात. व्यासपीठावरून सचिव विषय क्रमांक वाचतो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, ताळेबंदाचं पान उलटायच्या आत आभारप्रदर्शन होतं आणि मंडळी जेवायला उठतात. विचारणारा उठलाच तर त्याच्या हातातला माईक बंद पडतो. भागीदारीवरचा आमचा विश्वास इथं उडाला. कर्ज बरं वाटायला लागलं, कारण कर्जात निदान कोण कुणाचं देणं लागतो ते स्पष्ट असतं.

सिटीतून निघाल्यावर तुम्ही जे केलंत ते तरुण पोरांना मी जास्त सांगतो, कारण तिथं तुम्ही अडत सोडून मालात उतरलात. २०१४ मध्ये हरी अय्यर आणि इतर गुंतवणूकदारांसह तुम्ही जे. एम. फायनान्शिअलच्या बांधकाम क्षेत्राला कर्ज देणाऱ्या कंपनीत ५४० कोटी रुपये घातलेत. वाटेत २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी कर्ज फेडण्यात चुकली, त्याचं वादळ आलं, अशा कंपन्यांची गाळण उडाली. तुमचा फंड बसून राहिला. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, जे. एम. फायनान्शिअलनं त्या कंपनीतला तुमच्या फंडाचा ४२.९९ टक्के हिस्सा सुमारे १,२८२ कोटींना परत घ्यायचं ठरवलं. मधलं काही न धरता सरळ भागाकार केला तर दहा वर्षांत दामदुप्पट आणि वर थोडं. हे मी गावातल्या ऑप्शनवाल्या पोरांपुढं फळ्यावर मांडलं. त्यांचे चेहरे पडले. सिटीच्या माजी प्रमुखाला दहा वर्षं लागतात आणि यांना आठवड्याच्या आठवड्याला दुप्पट हवे असतात.

२०१६ मध्ये तुम्ही ओरोजेन ग्रुप काढलात, अटायरॉस कंपनीच्या साथीनं. फेअर स्क्वेअर ही क्रेडिट कार्डाची कंपनी त्यात होती. २०२१ मध्ये अ‍ॅली फायनान्शिअलनं ती ७५ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. सौदा चोख. पण इथंच मला तुमच्याशी भांडायचंय. बघा ना, स्वतः भागीदार म्हणून पैसा घातलात, जोखीम घेतलीत, वर्षानुवर्षं बसलात, आणि घातलात कुठं? बिल्डरला कर्ज देणारी कंपनी. गिऱ्हाइकाला कार्डावर कर्ज देणारी कंपनी. व्हर्च्युसासारखी सॉफ्टवेअर कंपनीही तुमच्या यादीत होती हे मला ठाऊक आहे, तरी ओढा कुठं ते दिसतं. शेवटच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत तुमच्या भागभांडवलाचं पुन्हा कर्जच होतं. धोका वाटून घेण्याची गोष्ट वरच्या मजल्यावर राहते आणि तळमजल्यावर हप्ता उतरतो.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. शेती लहान, माणसं हजार, पाऊस लहरी आणि बाहेर पडायचा दरवाजा नाही. शेअर बाजारात बेदाणा शेडची नोंदणी होत नाही. कायदाही आडवा येतो: २००२ च्या दुरुस्तीनं आलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे भाग उत्पादकालाच घेता येतात, बाहेरच्याला नाही. पण वाट निघते आणि ती महाराष्ट्रातच, द्राक्षातच निघाली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं शेतकऱ्यांची कंपनी वर ठेवली आणि काढणीनंतरचं काम, म्हणजे प्रतवारी, साठवण, प्रक्रिया, निर्यात, यासाठी तिच्या हाताखाली वेगळी कंपनी केली. सप्टेंबर २०२२ मध्ये इनकोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपातल्या गुंतवणूकदारांनी त्या कंपनीत ३१० कोटी रुपये भागभांडवल म्हणून घातले. शेतकऱ्यांच्या हातातून लगाम गेला नाही. बेल्जियम, नेदरलँड आणि फ्रान्सच्या पैशाला मोहाडी सापडते आणि नागपूरच्या पंडितांच्या पैशाला कवठे महांकाळ सापडू नये, याचं मला वाईट वाटतं. सह्याद्री उभी करणाऱ्या विलास शिंदेंसारखा माणूस आमच्याकडं निपजला नाही हेही खरं. त्याबद्दल तुम्हाला दोष देता येत नाही.

तर मागणी अशी. देणगी नको. सामाजिक दायित्वाच्या निधीतून पाट्या लावलेली खोली तर मुळीच नको; अशा खोल्या आमच्याकडं आहेत, त्यांना कुलपं आहेत. तुमच्या दृष्टीनं चिल्लर ठरेल इतकी रक्कम, पाव हिश्श्यापर्यंत, सात-दहा वर्षांच्या मुदतीनं, बेदाण्याच्या धुलाई-प्रतवारी-साठवणीच्या एका कंपनीत भागभांडवल म्हणून घाला. उन्हाळ्यात माल विकायची सक्ती नसलेले शे-दोनशे बागायतदार त्या जोरावर कसे वागतात ते बघा. वाईट वर्ष आलं तर तुमचंही वाईट जाऊ द्या. चांगलं आलं तर न लाजता वाटा उचला. आणि दर तीन महिन्यांनी तुमचा माणूस पाठवा, जो ताळेबंदाच्या पानावर बोट ठेवून विचारील की हे काय आहे. त्याच्या हातातला माईक बंद पडणार नाही, याची हमी आम्ही घ्यायची.

त्यापुढं एक अवघड गोष्ट आहे आणि ती तुमच्या बाजूची नाही. कर्जाला तारण पुरतं. सात-बारा दाखवला, शेड गहाण ठेवलं की बँक वहीत फार डोकावत नाही. आमच्या बाजारात कच्ची बिलं आणि पक्की बिलं असे दोन संसार सुखानं नांदतात. पक्क्यावर जीएसटी, कच्च्यावर रोकड. भागीदाराला मात्र खरी वही लागते. नफा किती झाला हेच खोटं असेल तर त्यातला पाव हिस्सा कशाचा मागायचा? आमच्या लोकांना भागीदार मिळत नाही याचं अर्धं कारण न्यूयॉर्कमध्ये असेल, अर्धं आमच्या टेबलाच्या खणात आहे. गलाईच्या दुकानात भागी चालते, कारण तिथं चुलता संध्याकाळी स्वतः पेटी मोजतो. परक्याला पेटी मोजू द्यायची आमची अजून तयारी नाही. हे वाक्य छापून आल्यावर माझे दोन-चार पक्षकार माझ्याशी बोलणं टाकतील. टाकोत.

म्हणून लगेच यायचा आग्रह धरत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर आलात तर शेड भरलेली दिसतील आणि मिरजेपासून रेल्वेही आहे. पण दिसण्यापेक्षा वाचण्यासाठी या. तीस-चाळीस बागायतदारांच्या एका हंगामाच्या वह्या, छाटणीपासून शेवटचा बॉक्स विकेपर्यंत, एकाच बिलबुकाच्या, मी मांडून ठेवायच्या असं ठरवलंय. किती जण तयार होतात ते छाटणीच्या आधी कळेल. आकडा दहाच्या आत आला तर तसं कळवीन आणि तुमचा वेळ घेणार नाही.



आपला,
कवठे महांकाळचा एक कर सल्लागार